रक्ताच्या चौकशीपासून मनाच्या मोजणीपर्यंत : कॅथलिक धर्मगुरू कसा निवडला जातो?

गेल्या पावसाळ्यात आमच्या अभ्यासवर्गातली एक कार्यकर्ती एका सामाजिक संस्थेत नोकरीसाठी गेली होती. एमएसडब्ल्यू झालेली, वस्तीत लहानाची मोठी झालेली, पाण्याच्या प्रश्नावर बायकांना घेऊन वॉर्ड ऑफिससमोर दोन दिवस बसलेली पोरगी. मुलाखत चांगली झाली. मग तिला एका खोलीत बसवून इंग्रजीतले छापील कागद दिले. एकेक विधान, आणि त्यापुढे 'बरोबर' की 'चूक' एवढीच खूण करायची. आठवड्याने फोन आला की तुमच्या व्यक्तिमत्त्व चाचणीचा निकाल या पदाला अनुकूल नाही. निकाल काय आला, तो कोणी तपासला, हे सांगायला कोणी तयार नाही. ती आम्हाला म्हणाली, "दादा, जात विचारली असती तर भांडले असते. यांनी जात विचारलीच नाही. आता भांडू कशाशी?"

या प्रश्नाच्या मागे लागून आम्ही वाचत गेलो आणि जिथे पोहोचलो ते ठिकाण आम्हालाही अनपेक्षित होते : कॅथलिक धर्मगुरू घडवणारी सेमिनरी. माणसाला आत घेण्याआधी त्याचे मन कागदावर मोजून पाहायचे, हा उद्योग कॅथलिक चर्चने गेली सत्तर-ऐंशी वर्षे केला आहे. मुख्य म्हणजे त्यावर त्यांनी आपसात वादही भरपूर घातला आणि तो लिहून ठेवला. आपल्याकडच्या संस्था चाचण्या घेतात, वाद घालत नाहीत.

कोणी म्हणेल, आंबेडकरी तरुणांनी पाद्र्यांचा इतिहास कशाला वाचायचा? मित्रहो, हा रस्ता बाबासाहेबांनीच दाखवला आहे. १९५० साली महाबोधी सोसायटीच्या मासिकात बुद्ध आणि त्याच्या धम्माच्या भवितव्यावर लिहिताना त्यांनी भिक्खू संघावर कठोर टीका केली, आणि संघाने ख्रिस्ती धर्मगुरूंचे, विशेषतः जेझुइटांचे काही गुण उचलावेत असे स्पष्ट सुचवले. ख्रिस्ती धर्म आशियात पसरला तो शिक्षण आणि वैद्यकीय सेवेतून, आणि हे शक्य झाले कारण त्यांचा धर्मगुरू नुसता धर्मग्रंथ शिकलेला नसतो, कला आणि विज्ञानही शिकलेला असतो, हा त्यांचा मुद्दा. मग जेझुइट निवडला कसा जातो, हे पाहणे आपले कामच ठरते.

दुसरा धागा १९३६ चा आहे. 'जातिप्रथेचे विध्वंसन' या न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी हिंदू पुरोहिताबद्दल लिहिले की तो बुद्धीने मूढ असो, शरीराने घाणेरड्या रोगाने ग्रासलेला असो, नीतीने पार ढासळलेला असो, पुरोहिताच्या जातीत जन्मला एवढ्यावर तो देवाच्या गाभाऱ्यात जायला लायक ठरतो. यावर त्यांचा उपाय असा : पुरोहितपद शक्य तर रद्द करा, नाहीतर निदान वंशपरंपरागत ठेवू नका; ते कोणाही हिंदूला खुले करा; राज्याने परीक्षा घ्यावी आणि सनद असेल त्यालाच पौरोहित्य करू द्यावे.

त्याच १९३६ साली अमेरिकेत थॉमस व्हर्नर मूर नावाचा एक कॅथलिक धर्मगुरू, जो स्वतः मनोविकारतज्ज्ञही होता, धर्मगुरूंच्या मासिकात दोन लेख लिहीत होता. विषय : धर्मगुरू आणि संन्यस्त यांच्यातील वेडाचे प्रमाण, आणि मनोविकाराकडे झुकलेले उमेदवार प्रवेशाच्या वेळीच कसे ओळखावेत. एकाच वर्षी, एकमेकांची खबर नसताना, दोघांनी पुरोहिताची परीक्षा मागितली. मात्र दोघांची भीती वेगळी होती. बाबासाहेबांना जन्माच्या मक्तेदारीची भीती होती, तर मूर यांना चुकीचा माणूस आत शिरण्याची. पुढे जे काही घडले ते समजून घ्यायचे तर हा फरक लक्षात ठेवावा लागेल.

कॅथलिक धर्मगुरूला लग्न नाही, म्हणून त्याला वारस नाही, म्हणून तिथे पुरोहिताची जात तयार होत नाही. हे त्यांचे मोठे बलस्थान आहे आणि ते आपण मान्य केले पाहिजे. प्रत्येक पिढीत बाहेरून मुले आणावी लागतात. १५ जुलै १५६३ रोजी ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रत्येक बिशपने सेमिनरी चालवावी असा ठराव केला. मुलगा किमान बारा वर्षांचा असावा, त्याला लिहिता-वाचता यावे, त्याच्या स्वभावावरून तो आयुष्यभर हे काम करील अशी आशा वाटावी, आणि निवड करताना गरिबांच्या मुलांना प्राधान्य द्यावे, असे त्या ठरावात आहे. सोळाव्या शतकात गरिबांच्या मुलांना प्राधान्य! आपल्याकडे त्या काळात वेद कानावर पडला तर काय करावे याची चर्चा चालू होती.

पण त्याच ठरावात आणखी एक अट होती. मुलगा औरस असला पाहिजे. म्हणजे आई-बापाचे लग्न झालेले हवे. ही अट १९१७ च्या चर्च कायद्यातही होती, ती गेली १९८३ च्या कायद्यात. म्हणजे दार गरिबाला उघडे होते, पण जन्माची चौकशी संपली नव्हती.

आणि स्पेन-पोर्तुगालात तर ही चौकशी रक्तापर्यंत गेली. ज्यांचे पूर्वज ज्यू किंवा मुस्लिम होते आणि ज्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, त्यांना 'अशुद्ध रक्ताचे' ठरवून अनेक पदांपासून, धर्मसंघांपासून दूर ठेवले जाई. धर्मांतर होऊनही रक्त बदलत नाही, हा सिद्धांत आपल्या ओळखीचा वाटतो ना? इंग्रजीतला 'कास्ट' हा शब्दही याच मुलखातल्या 'कास्ता' या शब्दावरून आला. जेझुइटांचा संस्थापक इग्नेशियस लोयोला या भेदाच्या विरोधात होता. त्याच्यानंतर संघाचा प्रमुख झालेला दिएगो लाइनेझ हा धर्मांतरित ज्यू घराण्यातला होता. तरीही १५९३ साली जेझुइटांनी आपल्या महासभेत ठराव केला की ज्यू किंवा मुस्लिम वंशाच्या माणसाला संघात घेऊ नये. १६०८ साली तो थोडा सैल झाला, चौकशी पाच पिढ्यांपर्यंत मर्यादित केली. ठराव पूर्णपणे रद्द झाला तो थेट १९४६ साली. बाबासाहेबांनी आदर्श म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवले, त्यांच्या नियमावलीतून रक्ताची अट जाऊन तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती.

अमेरिकेत रंगाची अट कुठल्या कायद्यात लिहिलेली नव्हती, तिची गरजही नव्हती. ऑगस्टस टोल्टन हा १८५४ साली मिसूरीत गुलाम म्हणून जन्मला. त्याला धर्मगुरू व्हायचे होते. अमेरिकेतल्या एकाही सेमिनरीने त्याला घेतले नाही. शेवटी त्याला रोमला जावे लागले, तिथे तो शिकला आणि १८८६ साली त्याला दीक्षा मिळाली. त्याला वाटले होते आपल्याला आफ्रिकेत पाठवतील. रोमने त्याला परत अमेरिकेतच पाठवले. १८९७ साली शिकागोत तो वारला, वय ४३. टोल्टनच्या बुद्धीत, स्वभावात किंवा श्रद्धेत खोट सापडली म्हणून तो नाकारला गेला नव्हता. कुठली चाचणी घेतली असती तर कदाचित तो उत्तीर्णच झाला असता. म्हणून आम्ही म्हणतो, चाचणीला सरसकट शिव्या घालू नका. ज्याला जन्मावरून नाकारतात त्याला परीक्षा हे हत्यार वाटते, आणि ते बरोबरच आहे. आपण स्पर्धा परीक्षांना का कवटाळतो? कारण तिथे निदान उत्तरपत्रिकेवर आडनाव नसते.

आता मूळ विषयाकडे येऊ. मूर यांनी रुग्णालयांकडून आकडे मागवले आणि त्यांना दिसले की धर्मगुरू आणि संन्यस्तांमध्ये वेडाचे एकूण प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा कमीच आहे. पण काही गंभीर आजारांचा वाटा त्यांच्यात जास्त आहे. त्यांनी निष्कर्ष काढला की मुळातच आजाराकडे झुकलेली काही माणसे मठाच्या शांततेकडे ओढली जातात. मग त्यांना दारातच ओळखा.

पण ओळखायचे कशाने? याचे उत्तर मिनेसोटा विद्यापीठात तयार होत होते. स्टार्क हॅथवे हा मानसशास्त्रज्ञ आणि जे. सी. मॅककिन्ली हा डॉक्टर, या दोघांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला मिनेसोटा बहुअंगी व्यक्तिमत्त्व चाचणी तयार केली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला जगभर 'एमएमपीआय' म्हणतात. तिच्यात ५५० विधाने होती, आणि प्रत्येकापुढे बरोबर की चूक. तिची रचना नीट समजून घ्या, कारण आपल्या कार्यकर्तीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिच्यातच आहे. हॅथवे-मॅककिन्ली यांनी आधी सिद्धांत मांडून मग प्रश्न बनवले नाहीत. त्यांनी विधानांचा ढीग घेतला, तो मनोरुग्णांना दिला आणि 'नॉर्मल' माणसांना दिला. ज्या विधानावर रुग्णांचे उत्तर नॉर्मल माणसांपेक्षा वेगळे आले ते विधान त्या आजाराच्या पट्टीवर चढवले. विधानाचा आजाराशी संबंध काय, हे विचारायचेच नाही. फरक पडतो ना, मग बस्स.

मग हे 'नॉर्मल' कोण? विद्यापीठाच्या रुग्णालयात आपल्या नातलगांना भेटायला आलेली ७२४ माणसे. त्यातला सरासरी माणूस म्हणजे पस्तिशीचा, लग्न झालेला, आठवी शिकलेला, लहान गावात किंवा शेतावर राहणारा गोरा मिनेसोटाकर. या माणसांत वाईट काही नाही, कष्टकरीच होती ती. पण जगातल्या कोट्यवधी माणसांचे मन पुढे कित्येक वर्षे याच ७२४ जणांशी ताडून पाहिले गेले. आम्ही समाजशास्त्रात शिकलो की 'नॉर्मल' ही गोष्ट सापडत नसते, ती ठरवली जाते. इथे ती भेटीच्या वेळेत रुग्णालयाच्या आवारात ठरली.

याचा परिणाम काय होतो? १९७२ साली माल्कम गिंथर या मानसशास्त्रज्ञाने गोऱ्यांचे मानदंड काळ्यांना लावल्याने काय होते यावर एक गाजलेला निबंध लिहिला. काळ्या माणसांचे गुण काही पट्ट्यांवर वरचेवर जास्त येतात. त्यात जगाविषयीचा अविश्वास आणि परकेपणा दिसतो. आता वर्णभेदी समाजात काळ्या माणसाने जगावर विश्वास ठेवावा तरी कशाला? 'लोक माझ्यावर लक्ष ठेवून असतात' असे एखाद्या गोऱ्या शेतकऱ्याला वाटले तर तो आजार असू शकतो. तेच एखाद्या काळ्या तरुणाला, किंवा पोलीस चौकीसमोर राहणाऱ्या पारधी तरुणाला वाटले तर तो अनुभव असतो. पट्टीला हा फरक कळत नाही. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की १९८९ साली चाचणीची नवी आवृत्ती आली, तिचे मानदंड २६०० माणसांवर बेतले, त्यांत काळे आणि मूलनिवासी अमेरिकनही होते, आणि त्यानंतरच्या अनेक अभ्यासांत हा पक्षपात बराच कमी दिसला. पण सेमिनरींनी ही चाचणी हातात घेतली ती जुन्या मानदंडांसकट.

हातात घेणाऱ्यांमध्ये प्रमुख नाव विल्यम बायर. हे जेझुइट, पुढे न्यूयॉर्कच्या फोर्डहॅम विद्यापीठात प्राध्यापक. १९४८ साली त्यांनी पीएचडीसाठी सेमिनरीतल्या विद्यार्थ्यांची तुलना इतर चार गटांशी याच चाचणीवर केली. सेमिनरीतली मुले 'नॉर्मल'पासून सरकलेली दिसली. आता गंमत बघा. चाचणी चुकली की मुले? ब्रह्मचर्य, एकांत, आज्ञाधारकपणा, रोजची प्रार्थना, स्वतःच्या पापांचा सततचा विचार. या गोष्टी मिनेसोटाच्या शेतकऱ्याच्या आयुष्यात नव्हत्या, सेमिनरीत मात्र रोजच्या. तेव्हा सेमिनरीत जगणाऱ्याला गैरलागू असलेली विधाने बदलून बायर यांनी चाचणीची सुधारित आवृत्ती वापरली. हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. ज्या गटाकडे स्वतःचे पीएचडी झालेले अभ्यासक होते, त्या गटाने सांगितले की तुमचा नॉर्मल आम्हाला लागू नाही, आमचा वेगळा मानदंड काढा. आणि ते ऐकले गेले. त्याच १९४८ साली अमेरिकन कॅथलिक मानसशास्त्रज्ञांची संघटना उभी राहिली. आपल्या वस्तीतल्या पोरीसाठी असा मानदंड कोणी काढला? काढण्याएवढे मानसशास्त्रज्ञ आपण घडवले का? हा प्रश्न दुसऱ्या कोणाला नाही, आम्ही आपल्यालाच विचारतो.

चाचणीतली पाचवी पट्टी पुरुषत्व-स्त्रीत्वाची. ती बनवताना समलैंगिक पुरुषांचा जो गट आधाराला घेतला त्यात फक्त १३ माणसे होती. समलैंगिकता म्हणजे आजार, असे तेव्हाचे वैद्यकशास्त्र मानत होते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी ते १९७३ साली सोडून दिले. रोमने मात्र ४ नोव्हेंबर २००५ च्या आदेशात, खोलवर समलैंगिक प्रवृत्ती असलेल्यांना सेमिनरीत घेऊ नये असे बजावले. विज्ञान सोयीचे तेवढे घ्यायचे आणि गैरसोयीचे सोडायचे, ही कला आपल्याकडच्याच धर्ममार्तंडांना येते असे नाही.

अमेरिकेत हे चालू असताना रोमचे काय म्हणणे होते? रोम घाबरले होते. एप्रिल १९५८ मध्ये पोप बारावे पायस मानसशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे बोलताना म्हणाले की माणसाच्या अंतरंगात त्याच्या संमतीशिवाय शिरण्याचा हक्क कोणाला नाही. १५ जुलै १९६१ रोजी रोमच्या धर्मसिद्धांत कचेरीने ताकीद काढली : दीक्षेआधी उमेदवाराचे मनोविश्लेषण आवश्यक आहे हे मत त्याज्य समजावे, आणि धर्मगुरूंनी वरिष्ठांच्या परवानगीशिवाय मनोविश्लेषकाकडे जाऊ नये. योगायोगाने ट्रेंटच्या ठरावाचीच तारीख. याच काळात मेक्सिकोत क्वेर्नावाकाजवळच्या मठाचा प्रमुख ग्रेग्वार लमर्सिए याने आपल्या मठवासीयांना चक्क मनोविश्लेषकांच्या गटात बसवले. त्याचे म्हणणे असे की ज्याला खरेच देवाचे पाचारण आहे तो यातून अधिक मोकळा होऊन राहील, आणि जो पळून आलेला आहे तो निघून जाईल. पुष्कळ जण निघून गेले. १९६७ साली रोमने बंदी घातली, तेव्हा लमर्सिएही उरलेल्या बहुतेकांना घेऊन बाहेर पडला. रोमची भीती अगदीच निराधार नव्हती म्हणायची!

मात्र तोवर वारे फिरले होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऑक्टोबर १९६५ मध्ये धर्मगुरूंच्या प्रशिक्षणावर जो आदेश काढला त्यात मानसशास्त्राच्या नव्या ज्ञानाचा उपयोग करा असे सांगितले. १९७१ साली रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठात जेझुइट लुइजी रुल्ला यांनी मानसशास्त्राची संस्थाच काढली. दहा वर्षांत ताकीद ते अध्यासन.

१९७२ साली अमेरिकन बिशपांनीच करवून घेतलेला एक अहवाल प्रसिद्ध झाला. युजीन केनेडी आणि व्हिक्टर हेकलर यांनी २७१ धर्मगुरूंच्या सविस्तर मुलाखती आणि चाचण्या घेतल्या होत्या. त्यांनी चार गट पाडले : ७ टक्के विकसित, १८ टक्के विकसित होत असलेले, ६६ टक्के अविकसित आणि ८ टक्के विकृत वाढीचे. म्हणजे तीन-चतुर्थांश धर्मगुरू भावनिकदृष्ट्या वयाने वाढलेच नव्हते. लक्षात घ्या, ही माणसे गुन्हेगार किंवा वेडी नव्हती. साधी, आज्ञाधारक, लोकांना आवडणारी माणसे. पण कोवळ्या वयात कुटुंबापासून, मुलींपासून, पैशांपासून, निर्णयांपासून दूर नेऊन त्यांना आज्ञा पाळायला शिकवले होते. अहवालाने बोट माणसाकडे दाखवले होते, तरी त्याची सावली संस्थेवर पडत होती. बिशपांनी अहवाल घेतला, छापला, आणि फार काही केले नाही.

मग जे व्हायचे ते झाले. २००२ साली बॉस्टनच्या वृत्तपत्राने लहान मुलांवरील लैंगिक अत्याचारांचे आणि ते दडपणाऱ्या बिशपांचे प्रकरण बाहेर काढले. २००४ साली जॉन जे महाविद्यालयाचा अहवाल आला. १९५० ते २००२ या काळात अमेरिकेत ४,३९२ धर्मगुरूंवर आरोप, म्हणजे त्या काळातल्या धर्मगुरूंपैकी सुमारे ४ टक्के. तक्रारदार पीडित १०,६६७. आता प्रश्न स्वाभाविक होता. इतकी वर्षे सेमिनरीच्या दारात मन मोजत होतात ना? मग ही माणसे आत आली कशी?

त्याचे उत्तर त्याच महाविद्यालयाच्या २०११ च्या दुसऱ्या अहवालात आहे. अत्याचार करणारे धर्मगुरू आणि इतर धर्मगुरू यांच्यात मानसशास्त्रीय चाचण्यांवर आणि बुद्धिमापन चाचण्यांवर म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. चाचणी त्यांना ओळखूच शकत नव्हती. एक कारण तर उघड आहे. प्रवेशासाठी आलेला माणूस स्वतःला चांगलाच दाखवणार. चाचणीत खोटे पकडणाऱ्या पट्ट्याही आहेत, पण धर्मगुरू होऊ पाहणारा मुलगा 'मी कधी खोटे बोललो नाही' अशा थाटाचीच उत्तरे देतो, कारण त्याला लहानपणापासून तेच व्हायला सांगितलेले असते. खोटे आणि संस्कार यांत फरक कसा करणार?

दुसरे कारण आमच्या दृष्टीने जास्त मोठे. तक्रार आल्यावर त्या धर्मगुरूला एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामात कोणी हलवले? बिशपाने. पीडितांच्या घरच्यांना गप्प कोणी बसवले? बिशपाच्या कचेरीने. त्या कचेरीला कोणी ५५० विधानांचा कागद दिला होता का? चाचणी नेहमी वरचा खालच्याची घेतो. उमेदवाराचे मन मोजायला यंत्र आहे, आणि ते यंत्र ज्याच्या टेबलावर आहे त्याच्या सत्तेचे मोजमाप करायला काहीच नाही. सगळा दोष व्यक्तीच्या मनात शोधायचा ठरवले की व्यवस्था आपोआप निर्दोष सुटते. अॅट्रॉसिटीच्या प्रत्येक प्रकरणात आपण हेच ऐकतो की आरोपी माथेफिरू होता, दारूडा होता, आमच्या गावात जातीयता नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. १९५० साली अमेरिकेतच अडोर्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'हुकूमशाही व्यक्तिमत्त्व' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्यूंचा द्वेष, परक्यांचा द्वेष, सत्तेपुढे लोटांगण आणि दुबळ्यावर दादागिरी, या गोष्टी मोजण्याच्या पट्ट्या त्यात होत्या. त्या पट्ट्यांवरही पुढे पुष्कळ टीका झाली, ती बरोबरही होती. पण मुद्दा असा की पूर्वग्रह मोजायचा म्हटले तर मोजायचा प्रयत्न करता येत होता. सेमिनरींनी दारात ठेवली ती मात्र आजार मोजणारी चाचणी. तिच्या दहा मूळ पट्ट्यांत चिंता आहे, नैराश्य आहे, संशय आहे. दुसऱ्या माणसाला हीन लेखण्याची पट्टी नाही. जातीचा अहंकार बाळगणारा माणूस या चाचणीत ठणठणीत निघतो. खरे तर त्याला झोपही छान लागते.

आता भारताकडे वळू. कँडीत १८९३ साली स्थापन झालेली पोपची सेमिनरी १९५५ साली पुण्यात आली. तिच्या शेजारी जेझुइटांचे डी नोबिली कॉलेज. मुंबईत जन्मलेले आणि शिकागोत मानसशास्त्र शिकून आलेले अँथनी डिमेलो यांनी सत्तरच्या दशकात इथेच 'साधना' ही संस्था सुरू केली, ती पुढे लोणावळ्याला गेली. देशभरातले धर्मगुरू आणि सिस्टर तिथे मानसशास्त्र आणि समुपदेशन शिकले. डिमेलो विपश्यनेकडूनही बरेच शिकले होते. त्यांच्या मृत्यूनंतर १९९८ साली रोमने त्यांच्या लिखाणाबद्दल सावधगिरीची सूचना काढली, ती गोष्ट वेगळी.

आमचे लक्ष त्या कॉलेजच्या नावावर थांबते. रॉबर्ट डी नोबिली हा सतराव्या शतकातला इटालियन जेझुइट मदुराईत ब्राह्मण संन्याशासारखा राहिला. वरच्या जाती बाटू नयेत म्हणून खालच्या जातींशी उघड व्यवहार टाळला. पुढे खालच्या जातींसाठी जेझुइटांनी वेगळ्या पोशाखाचे वेगळे पाद्री ठेवले. आणि त्याच काळात गोव्यातल्या दिवाडीचा मातेउस दे कास्त्रो, जन्माने ब्राह्मण, याला गोव्याच्या आर्चबिशपने दीक्षा नाकारली. तो रोमला गेला आणि १६३७ साली बिशप होऊन आला. टोल्टनची गोष्ट अडीचशे वर्षे आधी घडून गेली होती. ब्राह्मण ख्रिस्त्याला गोऱ्याने अडवले तर रोम तरी होते. दलित ख्रिस्त्याला ब्राह्मण ख्रिस्त्याने अडवले तर तो कुठे जाणार होता? डिसेंबर २०१६ मध्ये भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले आणि चर्चमध्ये जातिभेद पाळला जातो हे लेखी कबूल केले. पहिला दलित कार्डिनल, हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला, २०२२ साली झाला. या सगळ्या काळात सेमिनरींच्या दारात मन मोजायची साधने एकामागून एक येत होती. जातीची भिंत मात्र त्यांतल्या कुठल्याच साधनाला दिसली नाही.

तरीही एका बाबतीत चर्चकडून शिकण्यासारखे आहे. १९८३ च्या चर्च कायद्याचे कलम २२० सांगते की कोणाच्याही खासगीपणाला धक्का लावता येणार नाही. २००८ साली रोमने सेमिनरीतील मानसशास्त्राच्या वापरावर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार उमेदवाराची आधी घेतलेली, स्पष्ट, समजून-उमजून दिलेली आणि मुक्त संमती हवी. तपासणारा तज्ज्ञ सेमिनरीच्या शिक्षकांपैकी नसावा. निष्कर्ष उमेदवाराच्या लेखी संमतीनेच वरिष्ठांना कळवावेत. उमेदवाराने नकार दिला तर जबरदस्ती करू नये. हाती असलेल्या माहितीवर निर्णय घ्यावा.

कागदावर हे उत्तम आहे. पण ज्या मुलाचे सगळे आयुष्य बिशपाच्या 'हो'वर अवलंबून आहे त्याची संमती कितपत मुक्त असते? नाही म्हटले की संशय, हो म्हटले की फाइल. भूकबळी शेतमजुराची मालकाशी केलेल्या कराराला 'संमती' असते तशीच ही. तरीही लिहिलेला नियम असला की भांडायला जागा असते, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले आहे.

आणि आपले काय? विनयपिटकात उपसंपदेच्या वेळी उमेदवाराला प्रश्न विचारायची पद्धत आहे. कुष्ठरोग आहे का, क्षय आहे का, अपस्मार आहे का, तू मुक्त आहेस का, कर्जमुक्त आहेस का, राजाचा नोकर नाहीस ना, आई-वडिलांची परवानगी आहे का, वीस वर्षे पूर्ण झाली का, पात्र-चीवर आहे का. जात विचारलेली नाही, कूळ विचारलेले नाही. दास आणि कर्जदाराला मात्र दार बंद होते, हे सत्य आपण लपवू नये. त्या काळच्या राजांशी आणि सावकारांशी केलेली ती तडजोड होती असे आम्हाला वाटते. महावग्गात पुढे एक बारीकशी नोंद आहे. भर संघात असे खासगी प्रश्न विचारल्यावर उमेदवार लाजले, गोंधळले, त्यांना उत्तरेच देता येईनात. तेव्हा बुद्धांनी सांगितले की आधी त्याला बाजूला घेऊन नीट समजावा, काय विचारणार आहोत ते सांगा, आणि मग विचारा.

आमच्या कार्यकर्तीला हे वाचून दाखवले. तिने त्या संस्थेला मराठीत पत्र लिहिले आहे. तिने तीन गोष्टी मागितल्या आहेत : चाचणीचे नाव, तिचे मानदंड कोणत्या लोकांवर बेतले त्याची माहिती, आणि स्वतःच्या निकालाची प्रत. रजिस्टर पोस्टाने पाठवून पोच ठेवली आहे. तीन आठवडे झाले, उत्तर आलेले नाही. पुढच्या रविवारच्या अभ्यासवर्गात दुसरे पत्र लिहायचे आहे. ज्यांनी कुठेही अशी चाचणी दिली असेल त्यांनी आपले कागद घेऊन यावे.